पदकाच्या कडेवरचें नांव

(मंडळाच्या वार्षिक संमेलनांत केलेलें भाषण)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव झाला, देणगीदारांचे सत्कार झाले, आणि आतां कोणी जुन्या लढायांच्या बिल्ल्यांविषयीं बोलूं लागावें, ही श्रोत्यांच्या सहनशीलतेची परीक्षाच होय, हें आम्ही जाणतों. चिटणीसांचा आग्रह हें एक निमित्त झालें. परंतु आमचाहि त्यांत थोडा स्वार्थ आहे आणि तो आधींच सांगून टाकलेला बरा. आम्ही गेलीं कित्येक वर्षें युद्धपदकें गोळा करीत आलों आहों, व तीं ज्यांनीं मिळविलीं त्या शिपायांच्या घरांचा शोध घेत आलों आहों. ह्या सभागृहांत बसलेल्या कुटुंबांपैकीं निदान दहा-वीस घरांत असें एखादें पदक असेल, अशी आमची खात्री आहे. तें पदक आम्हांला नको आहे. त्याच्या कडेवर जीं अक्षरें आहेत, तेवढीं हवीं आहेत.

घरांत पदकें कोठें कोठें सांपडतात, तें ऐकून कांहींना हंसूं येईल. देव्हाऱ्यांत, कुलदैवताच्या टाकांशेजारीं हळदकुंकू वाहिलेलें पदक आम्हीं पाहिलें आहे. पत्र्याच्या ट्रंकेंत, जमिनीच्या खतांखालीं, फडक्यांत बांधलेलें पाहिलें आहे. तान्ह्या मुलाला दृष्ट लागूं नये म्हणून काळ्या दोऱ्यांत ओंवलेलें पाहिलें आहे. एका किराणा दुकानांत तर तें तागडीचा पासंग म्हणून पारड्याखालीं बांधलेलें होतें, आणि त्या दुकानदाराचे आजोबाच पलटणींत होते! पण हीं सर्व नशीबवान पदकें म्हणावयाचीं. बहुतेकांच्या वाट्याला सराफाची मूस आली.

त्याचें कारण साधें आहे. पहिल्या महायुद्धानंतर हिंदी शिपायाला जें मुख्य पदक मिळालें तें रुप्याचें होतें, आणि सुमारें अडीच तोळे वजनाचें होतें. दुष्काळांत, लग्नांत, आजारपणांत घरांतल्या कर्त्या माणसाची दृष्टि प्रथम अशा वस्तूकडे वळते. पुढें १९८० च्या जानेवारींत जगभर रुप्याचे भाव कडाडले, तेव्हां तर इंग्लंडांतसुद्धां हीं पदकें पोत्यांनीं वितळलीं. मग आपल्याकडील शेतकऱ्यानें तें मोडींत घातलें म्हणून त्याला दोष कोणत्या तोंडानें द्यावा?

हें पदक ओळखणें अवघड नाहीं. एका बाजूस पंचम जॉर्ज बादशहाचा मुखवटा. दुसऱ्या बाजूस उघड्या अंगाचा घोडेस्वार, घोड्याच्या टापांखालीं शत्रूची ढाल व कवटी, आणि १९१४ व १९१८ हीं सालें. फीत मध्यें नारिंगी, कडांना पांढऱ्या, काळ्या व निळ्या रेघा. बहुधा त्याच्या जोडीला पंख पसरलेल्या विजयदेवतेचें ब्राँझचें पदक असतें. त्याची फीत इंद्रधनुष्यासारखी. शिपाई १९१५ अखेर रणभूमीवर पोंचला असेल तर तलवारींची फुली असलेला एक ताराहि असतो. पलटणीबरोबर गेलेले हमाल, मजूर ह्यांपैकीं पुष्कळांना पहिलें पदक रुप्याऐवजीं ब्राँझमध्यें मिळालें. ज्यांच्या घरीं घोडेस्वाराचें काळवंडलेलें ब्राँझ असेल, त्यांनीं तें बनावट समजून टाकूं नये. त्या मागें उभा असलेला माणूस तोच चिखल तुडवून आला होता, आणि त्याच्या हातांत बंदूकसुद्धां नव्हती.

आतां कडेविषयीं. पदक आडवें धरून उजेडांत फिरविलें, म्हणजे कडेवर इंग्रजी अक्षरें उमटलेलीं दिसतात. प्रथम शिपायाचा नंबर, मग हुद्दा, मग नांव, मग पलटण. एवढ्याशा जागेंत चारच गोष्टी. दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांच्या बाबतींत एक नवल आहे. इंग्लंडच्या सरकारनें आपल्या सैनिकांना तीं पदकें कोरीं दिलीं, कडेवर नांव घातलेंच नाहीं; हिंदी सैन्याच्या पदकांवर मात्र नांवें घातलीं गेलीं. त्यामुळें हिंदुस्थानचा नकाशा असलेलें एखादें पांढुरकें पदक, किंवा आफ्रिका, इटली, ब्रह्मदेश ह्यांचे सहा टोकांचे तारे कोणाच्या घरीं असतील, तर पदक आडवें धरून आणि तारे उलटून पाहावे.

ह्या कडेला आम्ही इतकें महत्त्व कां देतों, असा प्रश्न कोणी विचारील. पहिल्या महायुद्धांत हिंदी सैन्यांत तेरा लाखांहून अधिक माणसें होतीं आणि सुमारें ७४,००० मरण पावलीं. सरकारनें त्यांची आठवण कशी ठेवली तें पाहा. सातारा, रत्नागिरी, पुणें ह्या भागांतल्या कित्येक गांवीं चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतींत संगमरवरी पाटी बसविलेली आढळते. ह्या गांवांतून महायुद्धास इतके गेले, त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिले, एवढाच मजकूर. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगें गांवाला लोक आजहि 'मिलिटरी अपशिंगें' म्हणतात; तेथून गेलेल्यांपैकीं ४६ जण परत आले नाहींत, हें सर्वांना ठाऊक आहे. पण अशा पाट्यांवर असतो तो आंकडा. कोण गेला, कोणाचा मुलगा गेला, त्याचें नांव तेथें शोधूं गेल्यास मिळावयाचें नाहीं.

दूर देशींच्या स्मारकांची कथाहि फारशी वेगळी नाहीं. फ्रान्समध्यें नव्ह-शापेल येथें १९२७ सालीं उभारलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी नांवें आहेत, दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक आहेत, हें खरें. परंतु आपल्याकडील पलटणींचें रक्त सर्वांत जास्त सांडलें तें मेसापोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत. तेथें बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांचीं नांवें कोरलीं गेलीं, हिंदी अंमलदारांचीं कोरलीं गेलीं, आणि साध्या हिंदी शिपायांची पलटणवार नुसती संख्या देण्यांत आली. हा भेद झाला, तो अन्याय होता, हें ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधि-आयोगानें २०२१ सालच्या अहवालांत कबूल केलें आणि ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनीं पार्लमेंटांत क्षमा मागितली. शंभर वर्षांनंतर का होईना, मागितली. तोंवर त्या शिपायाचें नांव धातूवर कोरलेलें असें बहुधा एकाच ठिकाणीं होतें: त्याच्या स्वतःच्या पदकाच्या कडेवर. तें मुशींत गेलें कीं तेंहि गेलें.

ह्या नांवावरून माणूस कसा शोधावयाचा? प्रथम पलटणीचा आंकडा नीट वाचावा लागतो, कारण येथेंच पुष्कळांची फसगत होते. १९२२ सालीं हिंदी सैन्याची फेररचना झाली आणि जुने आंकडे मोडले. १०३ ची पहिली झाली; हीच 'जंगी पलटण'. १०५ ची दुसरी झाली. तीच 'काळी पांचवी'. ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पांचवी, ११४ ची दहावी. ह्या सर्व मिळून पांचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली आणि तिचें केंद्र बेळगांवास बसलें. त्यामुळें आजा ११० मध्यें आणि नातू तिसऱ्या मराठा पलटणींत असला, तर घरचे म्हणतात दोघे वेगळ्या पलटणींत होते. वास्तविक दोघांनीं एकाच निशाणाला सलामी दिलेली असते. ह्या तिसरीचेंहि पुढें रूपांतर झालें. १९५२ पासून ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण आहे. पणतू छत्री घेऊन विमानांतून उडी मारतो आणि त्याला पणजोबांचा धागा ठाऊक नसतो!

दुसरी गोष्ट नंबराची. त्या काळीं प्रत्येक पलटण आपल्या शिपायांना स्वतंत्र नंबर देई. म्हणून नुसता नंबर टिपून उपयोग नाहीं. पलटणीवांचून तो मुका आहे. तिसरी गोष्ट नांवाची. इंग्रज कारकुनाच्या कानाला जसें ऐकूं आलें तसें तें लिहिलें गेलें. जाधवांचा 'जाधाव' होतो, शिंद्यांचा 'सिंदी' होतो, आणि गणपत, गणू, गणोजी हे एकच कीं तिघे, हें ठरविण्यांत दिवस जातात. बरें, मराठा पलटणींत कांहीं कंपन्या दखनी मुसलमानांच्याहि होत्या. त्यांच्या नांवांची तऱ्हा निराळी.

आणि सर्वांत मोठी अडचण ही कीं कडेवर गांव नसतें. येथें एक विचित्र गोष्ट अनुभवास येते. जो मेला त्याचा पत्ता लागतो. जो परत आला त्याचा लागत नाहीं. युद्धसमाधि-आयोगाच्या नोंदींत मृत शिपायाच्या नांवापुढें पुष्कळदां बापाचें नांव, गांव, तालुका, जिल्हा दिलेला असतो, आणि त्या नोंदी आतां घरबसल्या संगणकावर पाहतां येतात. पण जो चार वर्षें तोफांखालीं काढून, बोटींतून उतरून, पायीं आपल्या गांवीं आला, ज्यानें पुढें चाळीस वर्षें नांगर धरला, त्याची गांवासकट नोंद सहजासहजीं हातीं लागत नाहीं. पंजाबांतील लोक ह्या बाबतींत भाग्यवान. लाहोरच्या वस्तुसंग्रहालयांत तेथील सुमारें ३,२०,००० शिपायांच्या गांववार याद्या पडून होत्या. २०२१ पासून त्या संगणकावर खुल्या होऊं लागल्या. आपल्याला मात्र गांव शोधावयाचें तें गांवांतच जाऊन.

तीं साधनें आपल्याच जवळ आहेत. तलाठ्याकडील फेरफाराच्या नोंदी आहेत. खातेदार मयत झाला म्हणजे वारसांचीं नांवें तेथें चढतात. त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळी आहेत. युद्धावरून सुखरूप आलेला माणूस क्षेत्राला जाई, आणि उपाध्याय त्याच्याकडून बाप, आजा, गांव लिहून घेई. दक्षिण महाराष्ट्रांत हेळवी आहेत; पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी ते आपल्या यजमानांच्या अंगणांत बसून वाचून दाखवितात. आणि म्हाताऱ्या बायका आहेत. आमचा अनुभव असा कीं पुरुषांना पलटणीचा आंकडा आठवतो, बायकांना माणूस आठवतो.

एक उदाहरण देतों. घरच्यांची इच्छा नसल्यामुळें नांव व गांव सांगत नाहीं. आम्हांला जुन्या बाजारांत एक रुप्याचें पदक मिळालें. कड वाचली: चार आंकड्यांचा नंबर, शिपाई, ११० मराठा लाइट इन्फन्ट्री. नांव व आडनांव इतकें सर्वसामान्य कीं हाक मारली तर ह्या सभागृहांतून तिघे उठतील. मृतांच्या नोंदींत तें मिळालें नाहीं. म्हणजे परत आला. येथें बहुतेक शोध संपतात.

आम्हीं चार-पांच ज्ञातिसंस्थांच्या मासिकांतून एक छोटें निवेदन दिलें. तीन पत्रें आलीं. पहिलें दुसऱ्या महायुद्धांतल्या शिपायाच्या मुलाचें. दुसऱ्यांतला आजा ११६ चा निघाला. तिसरें पत्र माण-खटावकडील एका निवृत्त शिक्षिकाबाईंचें होतें. त्यांना पलटण वगैरे कांहीं ठाऊक नव्हतें. त्यांनीं एवढेंच लिहिलें होतें कीं, आमचे आजोबा शिपाई होते, आणि आमच्या घरीं कोणी पानांत अन्न टाकलें किंवा पोर हावऱ्यासारखें जेवूं लागलें कीं आजी म्हणे, "कूत पडलंय व्हय घरात?" हा शब्द आम्हीं दुसऱ्या कोणाच्या घरीं ऐकला नाहीं, त्याचा अर्थ आपण सांगूं शकाल काय?

सांगूं शकलों. कूत-अल्-अमारा हें तैग्रिस नदीच्या वळणावरचें लहानसें गांव. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजननें १९१४ च्या नोव्हेंबरांत बसऱ्याचा किनारा गांठला, पुढल्या एप्रिलांत शैबाची लढाई जिंकली, आणि बगदादच्या लोभानें ती नदीकांठानें वर वर चढत गेली. नोव्हेंबर १९१५ मध्यें टेसिफोनला तिचें कंबरडें मोडलें. मागें हटून तिनें कूतचा आसरा घेतला आणि ७ डिसेंबरला तुर्कांनीं वेढा घातला. तो वेढा जवळजवळ पांच महिने चालला. आंत १०३, ११० व ११७ ह्या आपल्या तीन पलटणी होत्या. पीठ संपत आलें, भाजी तर नव्हतीच. हिरड्या सुजून दांत हलूं लागले. घोडे व खेंचरें मारून खाण्याची पाळी आली. गोऱ्यांनीं तें मांस खाल्लें. हिंदी शिपायांपैकीं बहुतेकांनीं महिनोन्‌महिने त्याला हात लावला नाहीं. धर्मगुरूंच्या अनुज्ञा तारेनें मागविण्यांत आल्या. शेवटीं शेवटीं अनेकांनीं खाल्लें, पण तोंवर अंगांत त्राण उरलें नव्हतें. २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३,००० माणसें शरण गेलीं. सेनापतीला इस्तंबूलजवळच्या एका बेटावर सुखानें ठेवण्यांत आलें. शिपायांना वाळवंटांतून चालविण्यांत आलें. त्यांतले कित्येक हजार परत आले नाहींत.

जो परत आला त्यानें हें कोणाला सांगितलें असेल? गांवांत कोण ऐकणार, आणि कोणत्या शब्दांनीं सांगणार? त्यानें घरांत एक शब्द आणला. तो आजीनें उचलला आणि तीन पिढ्या पोरांच्या ताटाशीं वापरला. इतिहासाच्या ग्रंथांत कूतवर पुष्कळ लिहिलेलें आहे. परंतु उपाशी माणसाच्या घरांत तें नांव उपासमारीचें सामान्यनाम होऊन बसतें, असें आम्हीं कोठें वाचलें नव्हतें.

पुरावा मात्र शब्दावर होत नाहीं. आम्ही त्या गांवीं गेलों. फेरफारांत नांव मिळालें. माळ्यावरच्या डब्यांत पलटणींतून नांव कमी झाल्याचा दाखला मिळाला. वाळवीनें त्याचा कोपरा खाल्ला होता. नंबराचे पहिले तीन आंकडे पदकाशीं जुळले, चौथा वाळवीच्या पोटांत गेलेला. पलटण जुळली, नांव जुळलें. पदक घरांतून कसें गेलें, तेंहि कळलें: १९७२ च्या दुष्काळांत बाईच्या तोड्या-वाळ्यांबरोबर तें तालुक्याच्या सराफाकडे गेलें होतें. दागिने वितळले. पदक त्यानें बादशहाचें मोठें नाणें समजून गंमत म्हणून ठेवून दिलें असावें.

आम्हीं पदक घरीं परत नेलें, आणि आतां गोष्ट गोड झाली असें आपणांस वाटेल. तसें झालें नाहीं. घर दोन भावांत वांटलेलें. थोरल्याच्या मुलानें पहिला प्रश्न विचारला, "काका, ह्याचे बाजारांत किती येतील?" धाकट्या घरांतील सूनबाई म्हणाल्या, दुष्काळांत वाळे आमच्या सासूबाईंचे गेले, तर पदक आमचें. दोघांचेंहि म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. आम्ही ओसरीवर चहाचा कप धरून बसलों होतों. शेवटीं त्या शिक्षिकाबाईंनींच तोड काढली. त्या गांवीं देवाच्या पूजेची पाळी घरोघर फिरते. तशीच पदकाचीहि पाळी लावावी, पाडव्याला ह्या घरून त्या घरीं जावें. आज तें तसें चाललें आहे. कोणी विकलें तर दुसरें घर गप्प बसणार नाहीं, एवढी व्यवस्था कोणत्याहि संग्रहालयाला साधली नसती.

कांहीं विचारी मंडळी आम्हांला नेहमीं टोंचून विचारतात: हीं परक्यांच्या चाकरींतलीं पदकें; त्यांचा एवढा गौरव कशाला? प्रश्न टाळण्यासारखा नाहीं. ईस्ट इंडिया कंपनीनें हिंदी शिपायांना दिलेल्या अगदीं पहिल्या पदकांपैकीं एक, १७७८ ते १७८४ ह्या काळांतील मोहिमांचें, मराठ्यांशीं झालेल्या युद्धासाठींच होतें. पुढें १८५१ सालीं जुन्या लढायांबद्दल, तोंवर जे जिवंत होते त्यांना, एक पदक देण्याचें ठरलें. त्याच्या पट्ट्यांवर असई, अरगांव, गाविलगड, खडकी, पुणें, कोरेगांव, नागपूर, महिदपूर हीं नांवें आहेत. आपल्याच गांवांचीं नांवें परक्याच्या पदकावर पराभवाचीं म्हणून वाचतांना घशाशीं कांहींतरी येतें. आणि त्या कंपनीच्या मुंबई पलटणींतहि आपलींच माणसें होतीं, हें विसरून कसें चालेल?

आमचें मत असें आहे. युद्ध कोणी आरंभिलें, तें न्यायाचें होतें कीं अन्यायाचें, ह्याचा जाब राज्यकर्त्यांना विचारावा. बारा रुपयांच्या आंत पगार घेणारा शिपाई साम्राज्यासाठीं गेला नव्हता. तो सावकारासाठीं गेला, कोरड्या जमिनीसाठीं गेला, थोरला भाऊ गेला म्हणून गेला. साम्राज्याचा गौरव करण्याचें आम्हांला कारण नाहीं. पण साम्राज्यानें त्याला आंकडा करून टाकला, म्हणून आपणहि त्याला विसरावें, ही कसली देशभक्ति?

ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावर आणखी एक गोष्ट बोलणें अवश्य आहे, मग ती कोणास रुचो वा न रुचो. 'आपल्या ज्ञातींतील शूरांची यादी' छापावी, अशी सूचना आम्हांला अनेकदां झाली आहे. पदकाच्या कडेवर ज्ञाति नसते. ज्ञाति सरकारच्या भरतीच्या नियमांत होती. अमुक लढाऊ, तमुक लढाऊ नव्हे, असें साहेबांनीं ठरविलें आणि आपण तें खरें मानलें. त्या सिद्धान्ताच्या पायीं, पिढ्यान्‌पिढ्या कंपनीच्या फौजेंत लढलेल्या महार समाजाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्याचें दार बंद झालें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार होते, हें आपण जाणतांच. १९१७ मध्यें माणसें कमी पडूं लागलीं तेव्हां १११ महार ही पलटण उभारण्यांत आली, गरज सरतांच ती मोडण्यांत आली, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगांवांत महार रेजिमेंट नव्यानें उभी राहिली. शौर्य तें नव्हतें आणि मग आलें, असें झालें काय? म्हणून आमची वही पलटणवार आहे, ज्ञातिवार नाहीं. आपल्या सभासदांच्या घरांतून तिची सुरुवात होईल. शेजारच्या आळींतलें पदक कोणीं दाखविलें तर तेंहि त्याच वहींत चढेल.

मोठ्या वीरांविषयीं थोडक्यांत बोलतों, कारण ते सर्वांना ठाऊक आहेत. माणगांव तालुक्यांतील नाईक यशवंत घाडगे, ११० म्हणजेच तिसऱ्या मराठा पलटणीचे. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत त्यांच्या तुकडींतील सर्व माणसें एका मशीनगनच्या माऱ्यांत पडलीं. ते एकटे पुढें धांवले, गोळ्या संपल्यावर बंदूक उलटी धरून लढले, ठाणें घेतलें आणि तेथेंच पडले. वय बावीस. त्यांची समाधि कोठें आहे हें कोणासहि ठाऊक नाहीं; कसिनोच्या स्मारकावर नांव आहे, आणि २०२३ च्या जुलैमध्यें मोंतोने ह्या इटालियन गांवानें त्यांच्या नांवें एक सूर्यघटिका उभारली. शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्याचे, पहिल्या पलटणीचे, ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीवर दोन जखमी सोबत्यांना उचलून आणून पुन्हां एकटेच पुढें गेले. ते जगले, परत आले, १९८४ मध्यें वारले. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९११ पूर्वीं हें पदक हिंदी माणसाला मिळूंच शकत नव्हतें. आणि आपल्या स्वतंत्र देशाचें परमवीरचक्र रेखाटलें तें मूळच्या स्विस, पण लग्नानें खानोलकर झालेल्या सावित्रीबाईंनीं, ही गोष्ट आपल्या मुलींना अवश्य सांगावी.

परंतु आम्हांला आज हवे आहेत ते ज्यांना कांहींच विशेष मिळालें नाहीं ते. सर्वांना मिळालें तेंच ज्यांना मिळालें ते.

आतां व्यवहाराचें. पदक चिंचेनें, राखेनें वा पॉलिशनें घांसूं नये. घांसून घांसून कडेवरचीं अक्षरेंच जातात. भोंक पाडूं नये, डाग देऊन कडी लावूं नये. फीत जीर्ण असली तरी काढून टाकूं नये, वेगळ्या कागदांत ठेवावी. दोन-तीन पदकें एकत्र असतील तर भावांभावांत वांटूं नयेत. जोडी फुटली कीं अर्धी हकीकत जाते. कडेवरचीं अक्षरें जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. चुकलेलें वाटलें तरी सुधारूं नये, कारण आपण सुधारलेलें नांव सरकारी दप्तरांत मिळणार नाहीं. घरांत मेजवानीला आलेला कोणी गृहस्थ भाव सांगूं लागला तर घाई करूं नये. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तु परदेशीं नेण्यास १९७२ च्या कायद्यानें मनाई आहे, हें त्याला सांगावें. विकत घेणारांनींहि सावध राहावें: जुनें नांव कानशीनें काढून त्यावर प्रसिद्ध पलटणीचें नवें नांव कोरण्याचा धंदा चालतो, अशा पदकाची कड इतरांहून किंचित् बारीक लागते.

ज्यांच्या घरीं पदक उरलेलें नाहीं त्यांनीं निराश होऊं नये. मनीऑर्डरीची पावती, पेन्शनचें पुस्तक, गणवेषांतलें छायाचित्र, आजीच्या तोंडची एखादी ओवी, किंवा कोणाला न कळणारा एखादा शब्द, ह्यांपैकीं कांहीं असलें तरी चालेल.

बाहेरच्या पडवींत, वर्गणीच्या टेबलाशेजारीं एक वही ठेवली आहे. तींत सहा रकाने आहेत: नंबर, हुद्दा, नांव, पलटण, गांव, आणि हें कोणीं सांगितलें. पहिले चार रकाने पदकावरून भरावे. पांचवा आपल्याखेरीज कोणाला भरतां येणार नाहीं. सहावा भरतांना सांगणाऱ्या आजीचें स्वतःचें नांव लिहावें, 'अमक्याची आई' असें लिहूं नये. आज पदक बरोबर नसेल तर पुढील रविवारीं सायंकाळीं चार ते सात आम्ही मंडळाच्या कचेरींत बसणार आहों. भिंग व वजनकांटा आमच्यापाशीं आहे.